पुराआधीचे कागद: गाव आपत्ती आराखडा आणि निधीचा प्रस्ताव, कोणत्या क्रमाने?

ग्रामपंचायतीचा आपत्ती निधीचा प्रस्ताव तहसीलमधून परत येतो, तेव्हा त्यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असतं. मागणी चुकीच्या खात्यातून केलेली असते, ग्रामसभेचा ठराव नसतो किंवा त्यावरची तारीख खर्चानंतरची असते, नाहीतर ज्या मालमत्तेसाठी पैसे मागितले तिची ग्रामपंचायतीच्या दफ्तरी नोंदच नसते. तिन्ही चुका पावसाळ्यात दुरुस्त होत नाहीत. त्या एप्रिल-मेमध्येच टाळाव्या लागतात.

हा लेख सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि आपत्ती समितीच्या सदस्यांसाठी आहे. मिरज, पलूस, वाळवा, शिराळ्याची नदीकाठची गावं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. पाटण, जावळी, वाई, महाबळेश्वरच्या डोंगरी गावांसाठी जिथे पद्धत वेगळी आहे, तिथे तसं लिहिलं आहे.

टप्पा १: कोणता पैसा कशासाठी, हे आधी वेगळं करा

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ नुसार जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. याच कायद्याच्या कलम ४१ ने स्थानिक संस्थांवरही जबाबदारी टाकली आहे: कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं, साधनं वापरण्याजोगी ठेवणं, बांधकामं ठरवलेल्या निकषांत बसतात की नाही ते पाहणं. म्हणजे तयारी हे ग्रामपंचायतीचं कायद्याने ठरलेलं काम आहे आणि प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात या कलमाचा उल्लेख जरूर करावा.

पैशाचे डबे वेगवेगळे आहेत आणि खरा घोळ इथेच होतो.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधी हा आपत्ती आल्यावरच्या मदतीसाठी आहे: सानुग्रह अनुदान, निवारा, अन्न, तातडीची दुरुस्ती. त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी एकूण आपत्ती निधीची विभागणी अशी केली: ८० टक्के प्रतिसादासाठी, २० टक्के सौम्यीकरणासाठी. प्रतिसादाच्या ८० मध्ये ४० मदतकार्याला, ३० पुनर्बांधणीला आणि १० पूर्वतयारी व क्षमताबांधणीला. लाइफ जॅकेट, प्रशिक्षण, इशारा यंत्रणा यांची मागणी या शेवटच्या दहामध्ये बसते. ‘मदत निधीतून बोट द्या’ असा अर्ज मोघम राहतो. ‘पूर्वतयारी व क्षमताबांधणी’ असे शब्द घातले की तो योग्य टेबलावर जातो.

राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी धोका कमी करणाऱ्या कामांसाठी आहे: नदीकाठ संरक्षण, उताराचं स्थिरीकरण, पाण्याचा निचरा. एखाद्या विभागाची चालू योजना याच निधीतून चालवता येत नाही. गावातला नेहमीचा रस्ता ‘पूरप्रवण’ असं विशेषण लावून इथे पाठवू नका. तपासणारा माणूस दोन मिनिटांत ओळखतो.

जिल्हा वार्षिक योजनेचा निधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीकडून येतो. साकव, पोहोच रस्ता, निवाऱ्याच्या इमारतीची दुरुस्ती यांसाठी ग्रामपंचायतीच्या दृष्टीने हाच सगळ्यांत व्यवहार्य मार्ग.

वित्त आयोगाचं ग्रामपंचायतीचं अनुदान बंधित आणि अबंधित अशा दोन भागांत येतं. बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी असतो. पूर ओसरल्यावर लागणारी क्लोरीनेशनची सामग्री, उंचावर नेलेलं पाणीपुरवठ्याचं स्टार्टर पॅनेल, निवाऱ्यातली शौचालयं ही कामं त्यात सरळ बसतात. बॅटरीवर चालणारा भोंगा, दोर, टॉर्च यांसाठी अबंधित भाग किंवा स्वनिधी वापरावा.

> इशारा: जागतिक बँकेच्या साहाय्याने कृष्णा खोऱ्यात पूरनियंत्रणाचा मोठा कार्यक्रम आखला आहे. तो विभागीय पातळीवरचा आहे. ‘त्यातून होईल’ म्हणून गावाने स्वतःचा प्रस्ताव थांबवू नये.

टप्पा २: आराखडा म्हणजे पुस्तिका नव्हे, चार याद्या

केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाने २०२२ मध्ये गावपातळीवरच्या आपत्ती आराखड्याची चौकट दिली. तेव्हापासून शेजारच्या गावाची पीडीएफ घेऊन नाव बदलण्याचा प्रकार वाढला आहे. अशा आराखड्यात दुसऱ्याच गावचा ओढा सापडतो आणि प्रस्तावाची विश्वासार्हता तिथेच जाते. जाडजूड पुस्तिकेपेक्षा चार याद्या नीट करा.

*पहिली यादी: पाण्याच्या पातळ्या.* सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत सुमारे ५५ फुटांपर्यंत. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण आयर्विनला ४० असताना आपल्या गावात पाणी नेमकं कुठे असतं, हे कागदावर कुठेच नसतं.

त्यासाठी २०१९ आणि २०२१ च्या खुणा शोधा. बऱ्याच घरांच्या आणि देवळांच्या भिंतींवर त्या अजून आहेत. पाटबंधारे विभागाकडून त्या दिवसांची तासागणिक पातळी मागा आणि दोन रकाने करा. एकात आयर्विनची पातळी, दुसऱ्यात गावातली खूण. पलूसच्या वरच्या अंगाच्या किंवा साताऱ्यातल्या गावांनी आयर्विनऐवजी स्वतःजवळचं मोजमाप केंद्र धरावं. कऱ्हाडच्या आसपास कृष्णा पूल. नोंदीची ओळ अशी असावी: ‘३६ फूट: ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली, दुचाकी बंद. ३९ फूट: स्मशानभूमीचा रस्ता. ४३ फूट: दलित वस्तीतली पहिली चार घरं.’ (आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही काढा.)

यातली सर्वांत महत्त्वाची ओळ रस्ता तुटण्याची. नदी काठावरून गावात शिरण्याआधी ओढ्यातून फुगवटा मागे येतो. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तिथून वर वारणाकाठालाही हाच प्रकार. घरं कोरडी असतात आणि गाव मात्र बेट झालेलं असतं. म्हणून स्थलांतराचा निर्णय घरात पाणी येण्याच्या पातळीला बांधू नका. तो रस्ता बंद होण्याच्या पातळीला बांधा आणि तिच्याही दोन फूट आधी गुरं हलवायला सुरुवात करा. माणसं ट्रॅक्टरने तासाभरात निघतात. दीडशे म्हशींना अख्खा दिवस लागतो.

धरणाच्या विसर्गाची बातमी वाचतानाही गफलत होते. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडले म्हणजे सेकंदाला सुमारे ६० हजार लिटर. आकडा मोठा वाटतो, पण कृष्णेच्या पात्राच्या मानाने तो किरकोळ आहे. खरी चिंता वक्र दरवाजे उघडल्यावर आणि त्याच वेळी धरणाखालच्या मुक्त पाणलोटात जोराचा पाऊस असल्यावर. समितीतल्या एका माणसाला पाटबंधारे विभागाची कृष्णा-भीमा खोऱ्याची वास्तवकालीन माहिती प्रणाली रोज सकाळ-संध्याकाळ बघायला लावा. एकालाच. दहा जण व्हॉट्सअ‍ॅपवर दहा आकडे टाकतात, त्यातले चार कालचे असतात.

डोंगरी गावांना पाण्याच्या पातळीचा उपयोग नाही. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. तिथे यादी खुणांची करा: उतारावर नवी भेग, झाड किंवा विजेचा खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा नवीनच झरा फुटणं, दार-खिडकी एकाएकी अडकायला लागणं. यातली एक खूण दिसली तरी त्या वस्तीने रात्र तिथे काढायची नाही, असा नियम आधीच ठरलेला असावा. सोबत पर्जन्यमापक ठेवा. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस म्हणजे महसुली भाषेत अतिवृष्टी. पण महसूल मंडळाचं यंत्र दहा किलोमीटरवर असू शकतं आणि डोंगरात एवढ्या अंतरात पाऊस दुप्पट होतो.

*दुसरी यादी: घरं.* घरमालकाचं नाव, नमुना ८ (ग्रामपंचायतीची घरपट्टी आकारणीची नोंदवही) मधला मिळकत क्रमांक, माणसं, त्यातले वृद्ध, अपंग, अंथरुणाला खिळलेले, गरोदर महिला, डायलिसिस किंवा इन्सुलिनवरचे रुग्ण, मोठी जनावरं, लहान जनावरं, कुठे जाणार, कशाने जाणार. प्रसूतीची अपेक्षित तारीख आशा सेविकेकडे असते, तिच्याकडून घ्या. ऊसतोड मजूर, वीटभट्टीवरची कुटुंबं आणि भाडेकरू नमुना ८ मध्ये नसतात. त्यांची पुरवणी यादी न केल्यास पुढे मदत वाटपात ती माणसं गायब होतात.

*तिसरी यादी: निवारे.* निवाऱ्याची इमारत लाल रेषेच्या बाहेर हवी. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नकाशा पाटबंधारे विभागाकडे मिळतो. ‘तिथे कधीच पाणी येत नाही’ हे वाक्य २०१९ मध्ये पुष्कळ ठिकाणी खोटं ठरलं.

क्षमता मोजताना घाई करू नका. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान निकषांनुसार माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, रोज ३ लिटर पिण्याचं पाणी आणि ३० माणसांमागे एक शौचालय लागतं. शाळेची २० बाय २५ फुटांची खोली म्हणजे ५०० चौरस फूट, सुमारे ४६ चौरस मीटर. त्यात १३ माणसं. आराखड्यांत अशाच खोलीपुढे ‘क्षमता ५०’ लिहिलेलं असतं. आठ खोल्यांची शाळा ४०० जणांची नाही, १०४ जणांची आहे. हा खरा आकडा लिहिला तरच दुसऱ्या निवाऱ्याची आणि जादा शौचालयांची मागणी सिद्ध होते. फुगवलेल्या क्षमतेने तुम्ही स्वतःचाच प्रस्ताव कापता.

जनावरांसाठी वेगळी जागा आणि चारा धरा. मोठ्या जनावराला रोज १५ किलो हिरवा चारा धरला, तर २०० जनावरांना पाच दिवसांत १५ टन लागतो. उसाचं वाडं गळीत हंगामात मिळतं. ऑगस्टमध्ये त्यावर विसंबू नका; साखर कारखाना किंवा दूध संघाशी मुरघासाचं बोलणं मेमध्येच करून ठेवा.

*चौथी यादी: साधनं आणि माणसं.* ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर, बोट, पोहणारे, वायरमन, मालकाची तोंडी नव्हे तर लेखी संमती, आणि डिझेलचा दर कसा ठरणार.

> तपासणी: चारही याद्या गावाबाहेरच्या माणसाच्या हातात द्या. त्याला कुणालाही न विचारता पहिलं घर, त्यातली माणसं आणि त्यांचा निवारा सापडला पाहिजे. नाही सापडला, तर यादी पुन्हा करा.

टप्पा ३: ठराव, योग्य सभेत आणि योग्य शब्दांत

ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी. आराखड्याला मान्यता १ मेच्या सभेत घ्या. १५ ऑगस्टला घेतली तर तोवर पूर येऊन गेलेला असतो. पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम घालायचं असेल, तर ते २ ऑक्टोबरच्या सभेत मांडा आणि ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर चढलं की नाही ते स्वतः बघा. विकास आराखड्यात नसलेल्या कामावर वित्त आयोगाचा पैसा टाकला, की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला.

‘आपत्ती आराखड्यास मंजुरी देण्यात येत आहे’ एवढं पुरत नाही. ठरावात पाच गोष्टी हव्यात: समितीची नावं आणि प्रत्येकाचं काम, निवाऱ्यांची नावं आणि त्यांच्या किल्ल्या कुणाकडे, कोणत्या पातळीला स्थलांतर, तातडीच्या खर्चाची मर्यादा आणि तो खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, आणि कोणत्या कामांसाठी कोणाकडे निधी मागायचा. चौथा मुद्दा बहुतेक गावं गाळतात. मग पुरात ट्रॅक्टरवाल्याचं बिल थकतं आणि पुढच्या वर्षी ट्रॅक्टर येत नाही.

किल्लीचं क्षुल्लक वाटेल. रात्री दोन वाजता शाळेचं कुलूप दगडाने फोडावं लागतं, तेव्हा ते क्षुल्लक राहत नाही.

टप्पा ४: साहित्य आणि सराव

जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी बसतात. आपदा मित्र स्वयंसेवक, यशदा या पुण्यातल्या राज्य प्रशिक्षण संस्थेचं प्रशिक्षण, जिल्ह्याच्या साठ्यातली बोट, जॅकेट, दोर यांची मागणी गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांमार्फत त्यांच्याकडे जाते. आपदा मित्रांचं मूळ प्रशिक्षण १२ दिवसांचं असतं. गावातून नावं पाठवताना पोहता येणारे, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला न जाणारे तरुण निवडा. यादी शोभेची झाली तर जुलैत त्यातले दोघेच गावात सापडतात.

बोट मिळाली म्हणजे काम झालं, असं समजू नका. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली. बोटीवर रंगाने आणि ठळक अक्षरांत क्षमता लिहा. जेवढी क्षमता तेवढीच जॅकेट, शिवाय दोन लहान मुलांच्या मापाची. चढण्याचा आणि उतरण्याचा क्रम ठरवणारा एक माणूस काठावर राहील आणि तो बोटीत बसणार नाही. इंजिन दर पंधरवड्याला पाण्यात चालवून बघा. वर्षभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलने कार्ब्युरेटर चोंदतो, आणि हे नेमकं पुराच्या दिवशी कळतं.

पाणी निर्जंतुक करणाऱ्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचंही तसंच. चांगल्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं. उघडं, ओलं पोतं ठेवलं की ते झपाट्याने उतरतं. प्रयोगशाळेत तपासून २० टक्क्यांखाली आलं असेल, तर ती पावडर बाजूला काढा. एरवी १,००० लिटरला ५ ग्रॅम हे माप, म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. बादलीत कालवून, गाळ बसू देऊन वरचं पाणी टाकीत सोडायचं. पावडर थेट ओतायची नाही. अर्ध्या-पाऊण तासाने शेवटच्या नळावर ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का, ते दाखवणारी) करा. पूरकाळात तिथे ०.५ पीपीएम शिल्लक क्लोरीन दिसायला हवं. दिसलं नाही, तर मात्रा वाढवा.

खरेदी केलेली प्रत्येक वस्तू नमुना १६ च्या जंगम मालमत्ता नोंदवहीत त्याच आठवड्यात चढवा. जिल्ह्याकडून उसनी आलेली वस्तू ‘उसनी, परत करणे’ अशी वेगळी लिहा.

> तपासणी: मेच्या शेवटच्या आठवड्यात एक रंगीत तालीम. भोंगा वाजल्यापासून सर्वांत लांबच्या वस्तीतला अंथरुणावरचा रुग्ण निवाऱ्यात पोहोचेपर्यंत किती मिनिटं लागली, ते लिहून ठेवा. हा आकडा प्रस्तावात घाला.

टप्पा ५: प्रस्ताव बांधणं

एका प्रस्तावात एकच काम. साकव, भोंगे आणि शौचालयं एकत्र लिहिली, की तीन टेबलांवर फिरून तो कुठेच मंजूर होत नाही.

कागद या क्रमाने लावा: ग्रामपंचायतीचं पत्र, ग्रामसभा ठरावाची प्रत, आराखड्याचं संबंधित पान, जागेचा सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा, मालमत्ता आधीची असेल तर नमुना २२ (स्थावर) किंवा २३ (रस्ते) मधली नोंद, पूररेषेच्या नकाशावरचं ठिकाण, जीपीएस फोटो, जिल्हा परिषदेच्या उपअभियंत्याने केलेलं अंदाजपत्रक आणि ‘सदर काम अन्य योजनेतून मंजूर नाही’ हा दाखला. शेवटचा दाखला नसल्यामुळे अडकणारे प्रस्ताव सर्वांत जास्त, आणि तो मिळवायला लागतो एक दिवस.

गरज सांगणारा परिच्छेद आठ ओळींत संपवा. ‘गावास पुराचा मोठा फटका बसतो’ असं लिहू नका. ‘आयर्विनला ३६ फूट पाणी असता हा फरशी पूल बंद होतो, पलीकडे ६१ कुटुंबं, २४७ माणसं, ११० मोठी जनावरं अडकतात, पर्यायी रस्ता १४ किलोमीटर’ असं लिहा. टप्पा २ चं काम झालं असेल तर हे आकडे हाताशी असतात.

राज्याने केंद्राच्या यादीशिवाय स्वतंत्रपणे मान्य केलेल्या आपत्तींत अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज पडणं, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग येतात. पूर, दरड, चक्रीवादळ, गारपीट, ढगफुटी केंद्राच्या यादीत आहेतच. प्रस्तावात आपत्तीचं नेमकं नाव लिहा. ‘नैसर्गिक संकट’ हा शब्द कुठल्याच यादीत नाही.

प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांमार्फत जातो, एक प्रत तहसीलदारांना. आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय परतू नका.

> इशारा: प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता, दोन्ही हातात आल्याशिवाय कार्यारंभ आदेश देऊ नका. ‘साहेब हो म्हणालेत’ यावर सुरू केलेल्या कामाचं देयक निघत नाही.

टप्पा ६: पाणी चढत असताना

इथे कागद कमी, पण तेच पुढे कामी येतात. एक वही, एक माणूस. वेळ, पातळी, कुणी काय सांगितलं, काय हलवलं. जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७, राज्याच्या कक्षाला १०७०, रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. प्रत्येक फोनची वेळ वहीत लिहा.

अधिनियमाच्या कलम ५० मध्ये निविदेविना तातडीच्या खरेदीची सोय आहे. ती सरपंचांना आपोआप मिळालेली नाही. राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरण अशा खरेदीसाठी अधिकार देतं. त्यामुळे जेवण, पाणी, वाहन यांचा खर्च करण्याआधी तहसीलदारांकडून लेखी आदेश मागा. तेवढा वेळ नसेल तर मोबाइलवर संदेश तरी घ्या आणि नंतर तो आदेशात बदलून घ्या. निवाऱ्यात रोजची हजेरी कुटुंबप्रमुखाच्या सहीनिशी ठेवा. जेवणाची देयकं हजेरीशी जुळली नाहीत तर ती नाकारली जातात. ४०० ताटं आणि १६० सह्या हे गणित कुणीच मान्य करत नाही.

टप्पा ७: पंचनामा

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक संयुक्त पंचनामा करतात. (तिघांचीही पदनामं अलीकडे बदलली, गावात मात्र जुनीच चालतात.) ग्रामपंचायतीचं काम पंचनामा करणं नाही. एकही घर सुटू नये आणि पुरावा टिकावा, हे तिने पाहायचं. घरांच्या यादीवर खूण करत पथकाबरोबर एक सदस्य फिरला पाहिजे.

मार्च २०२३ च्या शासन निर्णयानुसारचे मुख्य दर पुढे दिले आहेत. मोठ्या आपत्तीत शासन वेगळा निर्णय काढून ते किंवा क्षेत्रमर्यादा वाढवतं, म्हणून त्या वर्षाचा निर्णय सूचना फलकावर लावा.

- पूर्ण पडलेलं घर: सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगरी भागात १,३०,०००
- किमान १५ टक्के पडझड: पक्कं घर ६,५००, कच्चं ४,०००
- झोपडी ८,०००, गोठा ३,०००
- दुधाळ गाय-म्हैस ३७,५००, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००, कोंबडी १००
- पिकं, ३३ टक्के किंवा अधिक नुकसान, दोन हेक्टरपर्यंत: जिरायत ८,५००, बागायत १७,०००, बहुवार्षिक २२,५०० रुपये प्रति हेक्टर
- शेतात साचलेला गाळ काढणं १८,००० प्रति हेक्टर. जमीन खरवडून गेल्यास ४७,००० प्रति हेक्टर

यातल्या अटींमध्ये माणसं अडकतात. गाळाची मदत थर तीन इंचांपेक्षा जाड असेल तरच मिळते. घाईने ट्रॅक्टर लावून गाळ सारला की पुरावा संपला. शेतात फूटपट्टी उभी रोवून, गट क्रमांकाची पाटी शेजारी ठेवून तीन ठिकाणी फोटो काढा, मग हात लावा. कपडे-भांड्यांच्या मदतीला मूळ निकषात घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असावं लागतं. म्हणून पाणी शिरल्याची आणि ओसरल्याची तारीख प्रत्येक घरापुढे टप्पा ६ च्या वहीत हवी. भिंतीवरची ओल पुसण्याआधी तिचाही फोटो काढा.

जनावर दगावलं तर कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक फोटोत दिसला पाहिजे. पशुधन विकास अधिकाऱ्यांना आधी कळवा, पुरण्याचं काम नंतर.

पिकाच्या मदतीसाठी ई-पीक पाहणीची नोंद आणि शेतकरी ओळख क्रमांक पाहिला जातो. सातबाऱ्यावर ऊस आणि रानात सोयाबीन असेल तर पंचनामा अडतो. सामायिक खात्यात एकाच्या नावे पैसे घ्यायचे तर बाकीच्यांचं संमतिपत्र लागतं. त्याचा कोरा नमुना ग्रामपंचायतीत छापून ठेवा. पीक विमा ही वेगळी वाट आहे, तिथला दावा पंचनाम्याने आपोआप होत नाही.

> तपासणी: पंचनाम्याची यादी अंतिम होण्याआधी चावडीवर वाचा आणि हरकतींना दोन दिवस द्या. बँक खातं, आयएफएससी, आधार जोडणी याच वेळी तपासा. मंजूर होऊन परत गेलेली रक्कम पुन्हा आणणं हे नव्याने मागण्यापेक्षा अवघड असतं.

टप्पा ८: सार्वजनिक मालमत्ता आणि उपयोगिता प्रमाणपत्र

घरांच्या धांदलीत पाणीपुरवठ्याची मोटर, अंगणवाडी, साकव, पथदिवे यांचा पंचनामा मागे पडतो. वैयक्तिक पंचनाम्याच्याच दिवशी यासाठी दुसरं पथक मागा: शाखा अभियंता, ग्रामसेवक आणि एक सदस्य. आपत्तीआधीचा फोटो आणि नमुना २२ ची नोंद सोबत असेल तर नुकसान सिद्ध करायला वेगळं काही लागत नाही. मेमध्ये गावभर फिरून प्रत्येक सार्वजनिक वास्तूचा तारखेसह फोटो काढून ठेवण्याचं खरं कारण हेच. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

प्रतिसाद निधीतून होणारी दुरुस्ती ‘तातडीच्या स्वरूपाची’ असते: वस्तू पूर्ववत चालू करण्यापुरती. पडलेल्या एका खोलीच्या जागी दोन मजली इमारत मागितली की अख्खा प्रस्ताव बाजूला पडतो. वाढीव कामासाठी जिल्हा वार्षिक योजनेत वेगळा प्रस्ताव द्या.

पैसे आल्यावर मोजमाप पुस्तिका, कामाआधीचा, चालू असतानाचा आणि झाल्यानंतरचा फोटो, देयक आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) हा संच महिन्याभरात पूर्ण करा. आधीच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र प्रलंबित असताना नवा हप्ता सहसा सुटत नाही. आणि प्रमाणपत्रावर शिल्लक रक्कम शून्य दाखवून खात्यात पैसे ठेवू नका. शिल्लक असेल तर ती लिहा आणि परत करा किंवा मुदतवाढ मागा.

संचाची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवताना कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. आयर्विनला ५० फूट पाणी असताना ग्रामपंचायतीच्या इमारतीत किती फूट येतं, हे पहिल्या यादीत लिहिलेलंच असेल. कपाट त्याच्या वर हवं.